भर उन्हातल्या बारा फुटिंग: क्युरिंग, ओल आणि घाईत लावलेलं डांबर

दुमजली घर, आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटची) फ्रेम, बारा सुट्या फुटिंग, म्हणजे कॉलमखालचे पाये. जमीन चिकण मातीची: उन्हाळ्यात फटी पडणारी, पावसात पाणी धरून ठेवणारी. काँक्रीट एम २५ (२८ दिवसांनी २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचं), सिमेंट पीपीसी, म्हणजे मिश्र सिमेंट. पहिल्या चार फुटिंग भर दुपारी ओतल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या उतारांवर भेगा दिसल्या. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने त्यातल्या एकीवर डांबराचा हात मारून घेतला, कारण त्याला भराव टाकून पावसाआधी प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) यायचं होतं. तिथे घरमालक बिचकले आणि त्यांनी काम थांबवून मला बोलावलं.

त्यांचे प्रश्न दोन होते. या चार फुटिंग ठेवायच्या की फोडायच्या? आणि उरलेल्या आठ कशा ओतायच्या, म्हणजे पुढे भिंतींना ओल चढणार नाही? त्यांना हे दोन वेगळे विषय वाटत होते. एक ठेकेदाराचा आणि दुसरा वॉटरप्रूफिंगवाल्याचा. माझ्या मते विषय एकच होता.

साईटवर काय दिसलं

फुटिंगचा आकार सगळीकडे सारखा. १.८ मीटर बाय १.८ मीटर, कडेची उभी बाजू ३०० मिमी, तिथून कॉलमकडे चढत जाणारा उतार आणि मध्यावर एकूण जाडी ५५० मिमी. म्हणजे उतार साधारण २२-२३ अंशांचा. हा आकडा लक्षात ठेवा, क्युरिंगचं (काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ देण्याचं) अर्धं दुखणं त्यातच आहे.

भेगा दोन प्रकारच्या होत्या. उतारावरच्या भेगा वीतभर ते हातभर लांब, एकमेकींना जवळपास समांतर, आणि एकही कडेपर्यंत पोचलेली नाही. तोंडाशी रुंदी मिलिमीटर-दीड मिलिमीटर, पण छिन्नीने कोरून पाहिलं तर वीस-पंचवीस मिलिमीटरवर संपत होत्या. माल ओला असतानाच वरचं पाणी उडून गेलं की पडणाऱ्या भेगा त्या ह्याच. दुसरा प्रकार मला जास्त खटकला. कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवती गोल कडं पडल्यासारखी बारीक फट होती. तापलेल्या सळ्या, वाऱ्याने हलणारी त्यांची टोकं आणि भोवतीचा माल खाली बसत जाणं, या तिन्हींचा तो परिणाम. उतारावरच्या भेगेतून पाणी काँक्रीटमध्ये जातं, पण या फटीतून ते सरळ लोखंडाला भेटतं.

पृष्ठभाग नखाने खरवडला की पांढुरकी पूड निघत होती. पाण्याचा थेंब टाकला तर डोळ्यांदेखत गडप व्हायचा.

डांबर लावलेल्या फुटिंगवर दुपारी गेलो. दक्षिणेकडच्या उतारावर रुपयाएवढे फोड आले होते, काही त्याहून मोठे. एक फोड खिळ्याने टोचला. आतून पाण्याचा थेंब निघाला आणि डांबराची पापडी बोटाने सोलत वितभर उचलली गेली. खालचं काँक्रीट ओलसर आणि स्वच्छ राखाडी, डांबराचा त्याला डागही नाही. कारण सोपं आहे. काँक्रीटच्या रंध्रांत पाणी होतं, वर सॉल्व्हंटवालं काळं डांबर, त्यावर ऊन. ३० अंश सेल्सिअसला पाण्याच्या वाफेचा संपृक्त दाब साधारण ४.२ किलोपास्कल असतो, ६० अंशांना तो २० च्या जवळ जातो. म्हणजे सकाळी चिकटलेल्या थराखाली दुपारी जवळपास पाचपट दाब. थर उचलला जाणारच.

मुकादम शेजारी उभा होता. म्हणाला, "साहेब, सकाळ-संध्याकाळ पाणी मारतोय, एकही दिवस चुकवला नाही." त्यात खोटं काही नव्हतं. पाइप धरला की पाणी उतारावरून ओघळून खड्ड्यात जायचं आणि अर्ध्या तासात उतार पांढरा पडायचा. सपाट स्लॅबवर मातीचं आळं करून पाणी कोंडता येतं, उतरत्या फुटिंगवर नाही. दिवसातून दोनदा भिजणं आणि मधल्या दहा तासांत कोरडं पडणं याला मी क्युरिंग म्हणत नाही. त्याने उलट बारीक जाळीदार तडे वाढतात.

त्या दुपारी काय घडलं असेल

तिथे कुणी थर्मामीटर लावला नव्हता. पण साईटवरच्या नोंदी, हवामान आणि साहित्य कुठे पडलं होतं यावरून हिशेब मांडता येतो.

हवा ४१ अंश, आर्द्रता २० टक्क्यांच्या आत, वारा ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास. खडी-वाळू उघड्यावर, पाणी काळ्या टाकीतलं. घनमीटरला १८५० किलो खडी-वाळू ३८ अंशांवर, ३५० किलो सिमेंट ४५ अंशांवर आणि १६५ लिटर पाणी ३४ अंशांवर धरलं, तर मिसळलेल्या मालाचं तापमान साधारण ३८ अंश निघतं. एसीआयच्या (अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या) उष्ण हवामानाच्या नियमावलीत ओतताना मालाची मर्यादा ३५ अंशांची आहे.

आता बाष्पीभवन. मालाचं तापमान, हवेचं तापमान, आर्द्रता आणि वारा या चार गोष्टींवरून उनो यांच्या सूत्राने दर चौरस मीटरला तासाला किती पाणी उडतं ते काढता येतं. त्या दुपारच्या आकड्यांवर उत्तर येतं १.७७ किलो. एक किलोच्या पुढे गेलं की भेगांचा धोका गंभीर मानतात. मालातून वर येणारं पाणी त्या वेगाने येऊच शकत नाही, त्यामुळे वरची साय सुकून आकसते आणि खालचा माल तिला आकसू देत नाही.

खालूनही चोरी चालू होती. पीसीसीचा, म्हणजे फुटिंगखालच्या साध्या काँक्रीटचा, थर दोन दिवस उन्हात तापलेला आणि ओतण्याआधी त्यावर पाणी मारलेलं नाही. असा थर स्पंजासारखा वरच्या मालातलं पाणी ओढून घेतो.

आणि यात भर घातली ती मिक्सरवाल्याने. माल लवकर घट्ट व्हायला लागला, व्हायब्रेटर आत जाईना, म्हणून त्याने पाणी वाढवलं. हे उन्हाळ्यात प्रत्येक साईटवर होतं, आणि किती थोड्या पाण्याने किती बिघडतं हे सहसा कुणी मोजून पाहत नाही. ५० किलोच्या एका गोणीला मूळ डिझाइनप्रमाणे साडेतेवीस लिटर पाणी होतं, म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४७. त्यात साडेसहा लिटर वाढलं, म्हणजे अर्धी बादलीसुद्धा नाही, की गुणोत्तर ०.६० होतं. आयएस ४५६ मध्ये (काँक्रीटच्या भारतीय मानकात) मातीखाली गाडल्या जाणाऱ्या साध्या परिस्थितीतल्या आरसीसीला कमाल मर्यादा ०.५० आहे.

या ०.४७ आणि ०.६० मधला फरक ताकदीत जेवढा दिसतो त्याहून जास्त ओलीत दिसतो. काँक्रीटमधून पाणी चढतं ते सिमेंटच्या लगद्यातल्या एकमेकांना जोडलेल्या केशनलिकांतून. सिमेंट पाण्याशी संयोग पावत गेलं की त्या नलिका मध्येमध्ये बुजतात आणि वाट तुटते. पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली दाखवलं की ही वाट तुटायला सतत ओलं ठेवलेल्या लगद्याला ०.४० गुणोत्तरावर साधारण ३ दिवस लागतात, ०.४५ वर ७ दिवस, ०.५० वर १४ दिवस, ०.६० वर सहा महिने, आणि ०.७० च्या पुढे ती कधीच पुरती तुटत नाही. हे आकडे साध्या पोर्टलँड सिमेंटचे आहेत. पीपीसी सुरुवातीला आणखी सावकाश चालतं.

म्हणजे मिक्सरपाशी ओतलेल्या त्या अर्ध्या बादलीने एक-दोन आठवड्यांचं काम सहा महिन्यांवर नेलं. वाढवलेल्या पाण्यातलं काही हवेत उडालं असेल, त्यामुळे खरं गुणोत्तर ०.६० पेक्षा थोडं कमी असू शकेल. पण सहा महिने कुणी पाणी मारणार नाही आणि दोन आठवडेसुद्धा इथे मारलं जाणार नव्हतं.

क्यूब पास, मग अडचण काय

ठेकेदाराचा युक्तिवाद होता की सात दिवसांचे क्यूब (ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे ठोकळे) चांगले येणार. येतीलही. क्यूब भरले गेले पहिल्या दोन मिक्समधून, पाणी वाढवण्याआधी, आणि बसले सावलीतल्या हौदात. क्यूब सांगतो की साहित्य काय करू शकलं असतं. उन्हातल्या फुटिंगचं काय झालं ते त्याला ठाऊक नसतं.

शिवाय अपुऱ्या क्युरिंगचा फटका फुटिंगच्या पोटात फारसा बसत नाही. अर्ध्या मीटरच्या जाडीत आतली ओल टिकून राहते. आतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांखाली गेली की सिमेंटची प्रक्रिया जवळपास थांबते, आणि तसं होतं ते वरच्या तीस-पन्नास मिलिमीटरमध्ये. फुटिंगचं कव्हर, म्हणजे सळ्यांवरच्या काँक्रीटची जाडी, किती असतं? किमान ५० मिमी. म्हणजे लोखंडाला ओलीपासून वाचवायला जी कातडी ठेवलेली असते नेमकी तीच कच्ची राहते. या घरात वॉटरप्रूफिंगचा पहिला थर म्हणजे हे कव्हर होतं आणि ते लावण्याचं काम पाण्याचा पाइप धरणाऱ्या माणसाकडे होतं. डांबर दुसऱ्या क्रमांकावर.

चार फुटिंगचा निर्णय

फोडायच्या नाहीत, असं मत मी दिलं, पण डिझाइनरच्या होकाराशिवाय नाही. फुटिंगमध्ये मुख्य लोखंड तळाशी असतं आणि ताणही तळालाच. वरच्या दाबाच्या बाजूला पंचवीस मिलिमीटर खोल भेग पडली म्हणून वाकण्याची ताकद जात नाही. खरी शंका वाढीव पाण्याने कमी झालेल्या प्रतीची होती. डिझाइनरने एम २५ ऐवजी एम २० धरून पुन्हा हिशेब केला. फुटिंगची लांबी-रुंदी जमिनीच्या वहनक्षमतेवर ठरलेली, तिला धक्का नाही. कॉलम आरपार घुसण्याच्या कातर-ताणाची परवानगी मात्र १.२५ वरून १.१२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरवर आली. तेवढी सवलत जाडीत होती. अट अशी ठरली की अठ्ठावीस दिवसांनंतर सगळ्यात वाईट फुटिंगमधून तीन गाभे (कापून काढलेले काँक्रीटचे दंडगोल नमुने) काढायचे आणि निकाल येईपर्यंत या चार कॉलमांवर पहिला स्लॅब चढवायचा नाही.

मग ताबडतोब पुन्हा भिजवणं. उशिरा सुरू केलेल्या क्युरिंगने गेलेलं सगळं परत येत नाही, पण सुकलेलं सिमेंट पुन्हा पाणी मिळालं की काही प्रमाणात कामाला लागतं. जितका उशीर तितकं कमी. इथे एक काळजी घेतली. दुपारी उताराचा पृष्ठभाग ५० अंशांच्या आसपास तापलेला होता आणि विहिरीचं पाणी २६ अंशांचं. क्युरिंगचं पाणी काँक्रीटपेक्षा ११ अंशांहून जास्त थंड नसावं, नाहीतर कातडी एकदम आकसते आणि नवे तडे जातात. म्हणून सुरुवात सूर्य मावळल्यावर केली.

घरमालकांनी विचारलं, आख्खा खड्डाच पाण्याने भरला तर? विचार स्वाभाविक आहे, आणि मुरुमाच्या किंवा खडकाच्या जमिनीत कदाचित चाललंही असतं. चिकण मातीत नाही. फुटिंगखालची जमीन पाणी पिऊन फुगते, मऊ होते. ज्या जमिनीची वहनक्षमता धरून डिझाइन केलं ती जमीन आपणच बदलून टाकायची असा तो प्रकार झाला असता.

त्याऐवजी उताराचाच उपयोग केला. कॉलमच्या सळ्यांभोवती, उताराच्या माथ्यावर, भोकं पाडलेल्या नळीचं कडं बसवलं. सगळ्या अंगावर दुहेरी गोणपाट, वरचं टोक सुतळीने सळ्यांना बांधलेलं, खालचं टोक विटांनी दाबलेलं. त्यावर पांढरं प्लॅस्टिक. काळं नको, ते स्वतःच तापतं. नळीतून पाणी थेंबथेंब सुटलं की गोणपाटातून आपोआप खाली झिरपत जायचं. मुकादमाला पाइप घेऊन फिरायचं कामच उरलं नाही, फक्त दर दोन-तीन तासांनी प्लॅस्टिक उचलून गोणपाट दाबून बघायचं.

उभ्या बाजू कुणाच्या लक्षातच नव्हत्या. शटरिंग दुसऱ्या दिवशी काढलं आणि त्या तशाच उघड्या. हिशेब केला तर उताराचं क्षेत्र ३.१ चौरस मीटर आणि चार बाजूंचं २.१६. उघड्या अंगाचा चाळीस टक्के भाग, ज्याला पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. गोणपाट थेट पीसीसीपर्यंत उतरवलं.

डांबराच्या फुटिंगला वेगळं काम होतं. फोडांखालचं डांबर सुटून आलं, उरलेलं खरवडून आणि ग्राइंडरच्या वायर ब्रशने काढलं. सॉल्व्हंटने पुसायचा सल्ला आला होता, तो मी मुद्दाम टाळला. पातळ झालेलं डांबर रंध्रांत आणखी खोल जातं आणि मग त्यावर दुसरं काहीच नीट धरत नाही. कॉलमच्या सळ्यांवर आणि कॉलम बसायच्या चौकोनात डांबराचे शिंतोडे होते, ते एकूणएक काढून घेतले. तिथे डांबर राहिलं तर नवं काँक्रीट जुन्याला आणि लोखंडाला धरणार नाही.

सळ्यांभोवतीची फट व्ही आकारात कोरून पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरली. उतारावरच्या भेगा तशाच ठेवल्या. त्यांचा बंदोबस्त कोटिंगमध्ये होणार होता.

उरलेल्या आठ

बर्फ घालायचा का, हा प्रश्न चर्चेत बराच वेळ खाऊन गेला. मालाचं तापमान एक अंशाने उतरवायचं तर सिमेंट साधारण आठ अंशांनी, पाणी चार अंशांनी किंवा खडी-वाळू दोन अंशांनी थंड करावी लागते. म्हणजे सगळ्यात मोठा फायदा खडी-वाळूत आहे, कारण वजन तिचंच. आदल्या दिवशी ढिगांवर जाळीची सावली केली, संध्याकाळी खडीवर पाणी शिंपडलं, टाकी झाकली, सिमेंट शेडमध्ये ठेवलं. खडीने धरलेलं पाणी मिक्सच्या पाण्यातून वजा करायला सांगितलं. हे विसरलं की पुन्हा तीच अर्धी बादली.

पहाटे साडेचारला सुरुवात. खडी-वाळू २९, सिमेंट ३८, पाणी २९ अंश धरून हिशेबाने माल ३० अंशांचा यायला हवा होता. या वेळी थर्मामीटर होता आणि पहिल्या मिक्सचा आकडा ३१ आला. बर्फ लागलाच नाही. हवा २८ अंश, आर्द्रता ४५ टक्के, वारा जेमतेम: बाष्पीभवन तासाला ०.४३ किलो. दुपारच्या चौथ्या हिश्श्याइतकं. तेच सिमेंट, तेच मजूर, तोच मिक्सर. उन्हाळ्यातल्या काँक्रीटमध्ये घड्याळाइतकं स्वस्त अ‍ॅडमिक्स्चर (काँक्रीटमध्ये घालायचं मिश्रक) मला अजून मिळालेलं नाही.

पीसीसी रात्रभर भिजवलेलं होतं आणि पहाटे त्यावर साचलेलं पाणी पुसून घेतलं. ओलं हवं, पण डबकं नको. मालाचा प्रवाहीपणा सेटिंग लांबवणाऱ्या प्लास्टिसायझरने (पाणी न वाढवता माल पातळ ठेवणाऱ्या रसायनाने) धरला. मिक्सरपाशी जास्तीची बादलीच ठेवली नाही, हे जरा पोरकट वाटेल, पण उपयोगी पडलं.

फुटिंग भरून झाली की तासाभराने, माल अजून पकडलेला नसताना, कॉलमच्या सळ्यांभोवती पुन्हा थोडं व्हायब्रेटर चालवलं आणि थापीने दाबून घेतलं. खाली बसताना पडलेली फट तिथेच मिटते. थापी मारताना वर पाणी शिंपडायची गवंड्यांना सवय असते. ती सक्तीने बंद केली, कारण तेवढी वरची साय पातळ होते आणि पुढे तीच पुडीसारखी झडते. वाऱ्याच्या बाजूला कमरेएवढा ताडपत्रीचा आडोसा, थापी झाली की लगेच वर प्लॅस्टिक, आणि अंगठा दाबून ठसा उमटेनासा झाला की प्लॅस्टिक काढून ओलं गोणपाट, नळीचं कडं, त्यावर पुन्हा प्लॅस्टिक. आठही फुटिंगच्या उतारांवर भेग दिसली नाही.

ठेकेदाराने क्युरिंग कंपाउंड (आतलं पाणी उडू न देणारा फवारा) मारायचं सुचवलं होतं. एरवी पाण्याची टंचाई असलेल्या साईटवर मी स्वतः ते वापरतो. इथे नाही म्हटलं, कारण मेणाचं कंपाउंड पृष्ठभागावर जी पापडी सोडतं तिच्यावर पुढचं कोटिंग धरत नाही, आणि कॉलमच्या सांध्यावर तर ते चुकूनही पडायला नको.

मुदत: आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला १०, उष्ण-कोरड्या हवेत कमीत कमी १०, आणि मिश्र सिमेंट असेल तर १४ पर्यंत वाढवण्याची शिफारस. आम्ही १४ धरले. कॉलमचे खुंट मधल्या काळात ओतले, त्यांचे १४ त्यांच्या तारखेपासून. ठेकेदाराच्या वेळापत्रकात हे कसं बसवलं? ज्या फुटिंगचे दिवस भरत गेले तिथे कोटिंग आणि भराव सुरू, बाकीच्या ओल्याच. सगळं एकदम संपवायचा हट्ट सोडला की दिवस आपोआप सापडतात.

ओल नेमकी कुठून चढते

भिंतीखाली प्लिंथच्या पातळीवर डीपीसी (ओल अडवणारा थर) घातली की ओल थांबली, असं सगळेच धरून चालतात. भिंतीपुरतं ते खरं आहे. पण कॉलमला डीपीसी नसते, असू शकत नाही. त्याच्या सळ्या आणि काँक्रीट सलग फुटिंगपासून छतापर्यंत गेलेलं असतं. जमिनीतली ओल फुटिंगमधून कॉलममध्ये, कॉलममधून प्लिंथ बीमच्या वर आणि तिथून शेजारच्या विटांत. वर जाऊन पाणी उडतं, क्षार मागे राहतात, रंग फुगतो आणि भिंतीला लोणा लागतो. म्हणून फुटिंगची पाठ आणि कॉलमचा जमिनीतला भाग हीच या घराची खरी ओल-रेषा होती. फुटिंगखाली प्लॅस्टिक अंथरायचं का यावरही बोलणं झालं. मी आग्रह धरला नाही. तळाला ओल लागणारच आहे. काँक्रीट घट्ट असेल तर फुटिंग ओली राहण्याने बिघडत नाही, ती ओल वर जाता कामा नये एवढंच.

कोटिंग दोन प्रकारचं निवडलं आणि त्यामागे फुटिंगची अवस्था होती. पहिल्या चारवर सिमेंटचं पॉलिमर कोटिंग, दोन हात, एकमेकांना काटकोनात. ते ओल्याच पृष्ठभागावर लावायचं असतं, त्यामुळे क्युरिंग संपल्यावर सुकण्याची वाट पाहावी लागली नाही. भेगांत ते ब्रशने घोळून भरता आलं आणि लावल्यावर त्यालाही दोन दिवस ओलं ठेवलं, त्याचा फायदा खालच्या कच्च्या कातडीलाही झाला.

आठ चांगल्या फुटिंगवर पाण्यातलं बिटुमेन इमल्शन. ते सॉल्व्हंटवाल्या डांबरापेक्षा किंचित दमट पृष्ठभाग सहन करतं, पण पाणी भरलेली रंध्रं नाही. केव्हा लावायचं हे ठरवायला एएसटीएम डी ४२६३ या अमेरिकन मानकातली साधी चाचणी केली: ४५० मिमीचा चौकोनी पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवायचा आणि किमान १६ तासांनी पाहायचं. गोणपाट काढल्यावरच्या पहिल्या चाचणीत प्लॅस्टिकच्या आतून थेंब जमले होते. दोन दिवस उघडं ठेवून पुन्हा केली तेव्हा आतली बाजू कोरडी आणि काँक्रीटचा रंगही गडद नाही. मग पातळ केलेला प्रायमरचा हात आणि त्यावर दोन जाड हात, तिन्ही संध्याकाळी, पृष्ठभाग थंड होत असताना. दुपारी लावलं असतं तर तापत जाणाऱ्या काँक्रीटमधली हवा बाहेर पडून बारीक छिद्रं पडली असती.

कॉलमवर जमिनीच्या वरच्या भागात बिटुमेन नेता येत नाही, त्यावर प्लास्टर धरत नाही. म्हणून प्लिंथ बीमच्या तळापासून जमिनीखाली थोडं अंतर सिमेंट कोटिंग आणि त्याच्या खालच्या टोकावर १५० मिमी चढवून बिटुमेन. हा जोड सगळ्यात नाजूक, आणि भरावाआधी प्रत्येक कॉलमवर तो टेपने मोजायला सांगितला.

भरावात कोटिंगलगतच्या फूटभर जागेत दगडविरहित बारीक माती, २०० मिमीचे थर, चारी बाजूंनी सारखे, ओलसर करून ठोकलेले. पाणी सोडून भराव बसवायची पद्धत इथे बंद, कारण तेच, चिकण माती.

पुढे काय झालं

सगळ्यात वाईट फुटिंगमधले तीन गाभे तपासले गेले. कसोटी अशी असते की तिघांची सरासरी त्या प्रतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत यावी आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नसावा. एम २० च्या हिशेबाने ते पास झाले, एम २५ च्या हिशेबाने एक गाभा काठावर होता. डिझाइनरने स्लॅबला परवानगी दिली. भोकं न आकसणाऱ्या मॉर्टरने भरून वरून कोटिंग केलं. रिबाउंड हॅमरचे (पृष्ठभागाची कठीणता मोजणाऱ्या उपकरणाचे) आकडे दोन्ही लॉटचे, म्हणजे पहिल्या चार आणि नंतरच्या आठ फुटिंगचे, घेतले होते. पहिल्या लॉटचे खालचे तर होतेच, पण एकाच फुटिंगवर दोन जागी बराच फरक दाखवत होते. दुसऱ्या लॉटचे एकमेकांच्या जवळ होते.

पावसानंतर पहिल्या लॉटमधल्या एका आणि दुसऱ्यातल्या एका कॉलमशेजारी खणून पाहिलं. दुसऱ्या लॉटचं बिटुमेन सलग, फोड नाही, नखाने उचलत नाही. पहिल्या लॉटच्या फुटिंगवरचं सिमेंट कोटिंगही शाबूत होतं. मात्र याच लॉटच्या कोपऱ्यातल्या कॉलमवर प्लिंथ बीमच्या खाली बोटभर रुंद पांढरी क्षाराची रेघ आली होती. तिथे बिटुमेन आणि सिमेंट कोटिंगचा जोड उघडून मोजला: १५० ऐवजी जेमतेम ४० मिमी. जोड खरवडून पुन्हा केला, रेघ कोरड्या ब्रशने झाडली, आणि त्या कोपऱ्यातल्या दोन भिंतींचं आतलं प्लास्टर पुढचा पाऊस बघेपर्यंत थांबवायला सांगितलं. बाकीच्या घराचं प्लास्टर सुरू झालं आहे.